शुद्ध नमुना

‘शुद्ध’ असं लेबल लावलेल्या बाटलीतलं पाणी गुलाबी झालं तेव्हा माझ्या हातात ड्रॉपर होता आणि समोर नववी ‘ब’च्या बेचाळीस मुली होत्या. शेवटच्या बाकावर बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक चांदूरकर मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी आमच्या बी. एड. कॉलेजच्या हरदासबाई. माझा वार्षिक पाठ चालू होता. विषय गृहशास्त्र, घटक अन्नातील भेसळ.

मी आणखी एक थेंब आम्ल टाकलं. का टाकलं, देव जाणे. पाणी आणखी गुलाबी झालं.

शेजारी दुसरी बाटली होती, ‘भेसळयुक्त’ लेबलाची. ती गुलाबी होणारच होती, कारण तिच्यातल्या तूरडाळीला आदल्या संध्याकाळी मीच रंग चोळला होता. आमच्या प्रशिक्षणात तशीच पद्धत होती. बाजारातली डाळ आणून वर्गात तपासायची नाही, कारण ती चांगली निघाली तर पाठ फसतो. म्हणून भेसळ आपणच करायची आणि तासाला आपणच पकडायची. रंगाऱ्याच्या दुकानातून पिवळ्या रंगाची पुडी आणायची, चिमूटभर ओल्या डाळीला चोळायची आणि वाळवायची. ती डाळ कोमट पाण्यात घालून आम्लाचे थेंब सोडले की पाणी गुलाबी. चांगल्या डाळीचं पाणी होतं तसंच राहतं. मुली ‘अय्या’ म्हणतात, परीक्षक मान डोलावतात. आमच्या आधीच्या सगळ्या तुकड्यांनी हेच केलं होतं आणि त्यातल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

एवढंच नाही. आमच्या पाठाच्या टाचणात दोन रकाने असायचे. डाव्या रकान्यात शिक्षिका काय बोलेल ते, उजव्या रकान्यात विद्यार्थिनी काय उत्तर देतील ते. दोन्ही आम्हीच लिहायचं. आणि ज्या वर्गावर पाठ घ्यायचा त्या वर्गाकडून आदल्या दिवशी ती उत्तरं म्हणवूनही घ्यायची. माझ्या टाचणात उजवीकडे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘बाई, दुसऱ्या बाटलीतील पाण्याचा रंग गुलाबी झाला. पहिल्या बाटलीतील पाणी तसेच राहिले.’

आता पहिल्या बाटलीतलं पाणी तसंच राहिलं नव्हतं आणि टाचणात त्यासाठी रकाना नव्हता. माझ्या तोंडात दुसरं वाक्यच आलं नाही, म्हणून मी लिहिलेला प्रश्नच विचारला.

“मुलींनो, तुम्हाला काय बदल दिसला?”

पहिल्या बाकावरची शेवंता राठोड उठली. शाळेला लागून मुलींचं वसतिगृह होतं, तिथं राहणारी. तांड्यावरची पोर, काटक, चौदा-पंधरा वर्षांची. सराव पाठांच्या वेळेपासून तीच माझी मदतनीस होती.

“दोन्ही बाटल्या गुलाबी झाल्या, बाई.”

“बरं. बस.”

ती बसली नाही. “मंग दोन्हीत रंग हाय का, बाई?”

तेवढ्यात मधल्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, “पयली डाळ तं आपल्या कोठीतली हाय.”

आणि वर्ग कुजबुजायला लागला.

खरं होतं. पहिली डाळ वसतिगृहाच्या कोठीतली होती. मी घरून डाळ आणणार होते, तिच्यावर प्रयोग करूनही पाहिला होता. पण दोन दिवस आधी हरदासबाईंनी टाचण तपासताना सुचवलं, की शुद्ध नमुना म्हणून वसतिगृहाचीच डाळ घे, परिसरातलं साहित्य वापरलं की परीक्षक खूश होतात. कॉलेज, शाळा, वसतिगृह सगळं एकाच संस्थेचं, म्हणून वर हसून म्हणाल्या, “आणि संस्थेच्या सचिवांच्या कानावर गेलं तर तेही खूश होतील.” मी लगेच लाल शाईने टाचणात भर घातली. सकाळी शेवंताने वाटीभर डाळ आणून दिली. तिच्यावर प्रयोग करून पाहिला नाही. डाळ ती डाळ, असं मला वाटलं. प्रात्यक्षिक वापरायच्या साहित्यावरच आधी करून पाहावं, हे मी स्वतःच्या हाताने टाचणात लिहिलं होतं.

मागून हरदासबाई उठल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता.

“बाटली नीट धुतली गेलेली नाही. आधीच्या प्रयोगाचं काहीतरी राहिलंय तिच्यात. बाटल्या कोणी धुतल्या होत्या?”

“म्या,” शेवंता म्हणाली. अजून उभीच होती.

“तरीच.”

गावातल्या मुली हसल्या. वसतिगृहातल्या कोणी हसलं नाही.

चांदूरकर मॅडमनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि घड्याळाकडे पाहून म्हणाल्या, “असू दे, गावंडे. पाठ पूर्ण करा. मधल्या सुट्टीनंतर याच वर्गावर प्रात्यक्षिक तेवढं पुन्हा करून दाखवा. प्रात्यक्षिकच फसलं तर मला तुम्हाला पास करता येणार नाही.”

उरलेला पाठ मी कसा घेतला ते मला आठवत नाही. फळ्यावर ‘ग्राहकाने जागरूक असावे’ असं लिहिल्याचं तेवढं आठवतं, कारण लिहिताना खडू मोडला होता.

वार्षिक पाठात नापास म्हणजे वर्ष गेलं. आणि माझ्याकडे दुसरं वर्ष नव्हतं. आधीच गृहविज्ञानाची पदवी घेतली म्हणून घरीदारी चेष्टा होती. “पोळ्या लाटायला पदवी कशाला लागते,” हे वाक्य मी तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की म्हणणाऱ्याच्या तोंडावर लाटणं फेकावंसं वाटायचं. काका म्हणायचे, आत्याचे यजमान म्हणायचे, ज्यांना साधा चहा करता येत नव्हता ते सगळे म्हणायचे. आहारशास्त्र, वस्त्रशास्त्र, बालविकास, रसायन, सगळं शिकून मी आले होते आणि ह्यांच्या लेखी ते सगळं पोळ्या. शेवटी मी वडिलांशी भांडून एक वर्ष मागून घेतलं. बी. एड. करते, मास्तरीण होते, मग बोला. वडील म्हणाले, एकच वर्ष, त्यापुढे मी पाहुण्यांना थांबवणार नाही. पाहुणे म्हणजे खामगावचं एक स्थळ. मुलाचे वडील मला बघायला आले तेव्हा त्यांनीही पोळ्यांचा विनोद केला होता. आणि ह्याच शाळेत जूनमध्ये गृहशास्त्राची जागा रिकामी होणार होती. हरदासबाईंनी माझं नाव सचिवांकडे आधीच टाकून ठेवलं होतं.

मधली सुट्टी झाली. हरदासबाईंनी मला विज्ञानाच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. त्यांच्या हातात एक स्टीलचा डबा होता.

“ही माझ्या घरची डाळ. शिपायाला पाठवून आणवली. हिच्यावर आम्ल टाकून पाहिलंय मी आत्ता, काही होत नाही. ही पहिल्या बाटलीत घाल.”

“आणि लेबल?”

“लेबल तेच.”

“पण बाई, टाचणात वसतिगृहाच्या कोठीतली डाळ असं लिहिलंय. मी पाठातही तसंच सांगितलंय.”

“मग आताही तसंच सांग.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “म्हणजे खोटं बोलू?”

“हळू बोल. बाहेर पोरी आहेत.”

“बाई, बाटली स्वच्छ होती. सकाळी मी उजेडात धरून पाहिली होती. त्या कोठीतल्या डाळीलाच रंग आहे. साठ मुली दोन वेळा ती डाळ जेवतात.”

“ठाऊक आहे मला.”

मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील. असं कसं, काहीतरी चूक होतेय तुझी, असं म्हणतील. डब्याचं झाकण काढून डाळ चाळत उभ्या राहिल्या.

“कधीपासून ठाऊक आहे?”

“कधीपासून काय. डाळ एवढी पिवळीधमक कुठे असते का? स्वयंपाक शिकवते मी तीस वर्षं, मला दिसत नाही?” त्यांनी झाकण लावलं. “वसतिगृहाला धान्य कोण पुरवतं, विचारलंस कधी? सचिवांचे मेहुणे.”

“मग तक्रार करायची.”

“कर. काय होईल सांगू? मेहुणे तसेच राहतील. वसतिगृहाला टाळं लागेल. सचिवांना काय, ते तिथं गोडाऊन काढतील. ह्या साठजणी कुठे जातील? तांड्यावर, पारध्यांच्या बेड्यावर, जिथून आल्या तिथं. तिथं त्यांना काय खायला मिळतं ते एकदा जाऊन बघ, मग मला डाळीचं सांग.”

“म्हणून त्यांना रंग खाऊ द्यायचा?”

“म्हणून त्यांना शिकू द्यायचं.”

त्यात थोडं खरं होतं आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला. धडधडीत खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. ह्या बाईने वर्षभर मला फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकवलं होतं, शाळेतल्या भाजणीच्या प्रयोगात माझी कढई जळली तेव्हा स्वतः घासली होती. तिच्याशी भांडताना माझा आवाज कापत होता आणि त्याचाही मला राग येत होता.

“मी नाही करणार,” मी म्हणाले.

“नको करूस. जा, चांदूरकर मॅडमना जाऊन सांग. पण मग सगळंच सांग. दुसऱ्या बाटलीतला रंग तू स्वतः कालवलास, तेही सांग. त्या पोरींसमोर सांग. एक बाटली मी खोटी केली पण दुसरी खरी आहे, हे कोण ऐकून घेईल तुझं?”

“ते तुम्हीच शिकवलंत.”

“हो. मलाही कोणीतरी शिकवलंच होतं.”

मग त्या माझ्याजवळ आल्या आणि माझ्या पदराची सुटलेली पिन नीट लावून दिली. म्हणाल्या, “एकदा पास हो. जूनमध्ये ह्या शाळेत रुजू हो. मग आत राहून काय बदलायचं ते बदल. बाहेर उभं राहून ओरडणाऱ्या बाईचं कोणी ऐकत नाही.”

त्या गेल्या. डबा टेबलावर राहिला.

मला राग कोणाचा येत होता, ते मी आज सांगू शकते. तेव्हा सगळ्यांचाच येत होता. सचिवांचा, त्यांच्या मेहुण्यांचा, खामगावच्या त्या पोळीवाल्या म्हाताऱ्याचा, माझ्या वडिलांच्या त्या एका वर्षाचा. आणि खरं सांगते, शेवंताचाही. वर्गात गप्प बसता येत नव्हतं हिला? एवढी मोठी झाली होती, कळत नव्हतं का?

बाहेर नळावर ती बाटल्या घासत बसली होती. राखेने, काथ्या घेऊन, आतून बाहेरून. हात कोपरापर्यंत राखेने भरले होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी तिने वर पाहिलं नाही.

“पुरे आता. निघाली असेल घाण.”

“घान नव्हतीच, बाई. म्या सकाळी दोनदा धुतल्या होत्या. तुमी उजेडात धरून पाह्यल्या होत्या.”

“हो.”

“मंग तुमी काहून नाई बोलल्या?”

मी म्हणाले, “वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई काही बोलल्या का तुला?”

“चावी घेतली.” वसतिगृहातली मोठी मुलगी म्हणून कोठीची चावी दोन वर्षं तिच्याकडे असायची, कमरेला लावलेली. तिचा तो मोठा तोरा होता. “मले म्हने, तुह्यामुळे शाळेचं नाव खराब झालं. आता चावी सुमनपाशी. बाई, तुमी सांगा ना त्याह्यले. तुमचं ऐकतीन थे.”

“सांगते.”

“कवा?”

“तास होऊ दे.”

ती पुन्हा घासायला लागली. मग म्हणाली, “मी कोठीतून दुसरी डाळ आनू का? सुमनले मागतो.”

“नको,” मी म्हणाले. “डाळ आहे माझ्याकडे.”

आता तिने वर पाहिलं. मी बाटल्या उचलल्या आणि चालू लागले.

चौथा तास. मुली आपापल्या जागी. ह्या वेळी चांदूरकर मॅडम मागे बसल्या नव्हत्या, खुर्ची ओढून माझ्या टेबलाशेजारी बसल्या होत्या. हरदासबाई मागे, खिडकीपाशी. मी पहिल्या बाटलीत डाळ घातली. हरदासबाईंच्या घरची डाळ फिकट होती, दाणे मोठे, मधूनमधून टरफलाचा तुकडा. कोठीतली डाळ बारीक आणि हळदीत लोळवल्यासारखी पिवळी. ज्या मुलीने दोन वर्षं कोठीची चावी सांभाळली तिला हा फरक शेवटच्या बाकावरूनही दिसला असता, आणि ती पहिल्या बाकावर होती.

“ही आपल्या वसतिगृहाच्या कोठीतली डाळ आहे,” मी म्हणाले. माझा आवाज स्वच्छ आणि खणखणीत आला. आवाजाच्या चढउताराला पाठात पाच गुण असत.

कोमट पाणी ओतलं. बाटली हलवली. आम्लाचे थेंब टाकले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाणी होतं तसं राहिलं. दुसऱ्या बाटलीत टाकले, गुलाबी झालं. कोणी ‘अय्या’ म्हणालं नाही.

“मुलींनो, तुम्हाला काय बदल दिसला?”

चार-पाच हात वर झाले, सगळे गावातल्या मुलींचे. मी त्यातल्या एकीकडे बोट करणार तेवढ्यात चांदूरकर मॅडम म्हणाल्या, “त्या मुलीला विचारा. मघाशी जिने बाटल्या धुतल्या होत्या.”

शेवंता उठली. तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टाचणावर नजर लावली. मागे हरदासबाईंच्या बांगड्या वाजल्या.

आणि शेवंता बोलायला लागली. तिच्या नेहमीच्या बोलीत नाही. माझ्या उजव्या रकान्यातल्या भाषेत, एकही शब्द न चुकता.

“बाई, दुसऱ्या बाटलीतील पाण्याचा रंग गुलाबी झाला. पहिल्या बाटलीतील पाणी तसेच राहिले.”

“यावरून काय सिद्ध होते?” मी विचारलं. तोही प्रश्न टाचणात होता.

“पहिली डाळ शुद्ध आहे.”

“शाब्बास,” चांदूरकर मॅडम म्हणाल्या. त्या मनाने वाईट नसाव्यात. त्यांनी कौतुकानेच विचारलं, “आणि मघाच्या चुकीतून तू आज काय शिकलीस?”

शेवंता म्हणाली, “बाटल्या नीट धुवाव्या.”

मॅडम खळखळून हसल्या. त्यांच्यामागोमाग वर्ग हसला. मीही हसले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, पण मी हसले. पाठ चालू असताना शिक्षिकेचा चेहरा प्रसन्न असावा, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

प्रात्यक्षिकाला वीसपैकी अठरा गुण मिळाले. पुढचं सगळं मी आताच सांगून टाकते, म्हणजे मला कोणी भला माणूस समजायला नको. मी पहिल्या वर्गात पास झाले. जूनमध्ये त्याच शाळेत रुजू झाले. खामगावच्या स्थळाला वडिलांनी नकार कळवला आणि काकांनी मला पेढे दिले. आत राहून बदलायचं म्हणून मी आत आले होते. पहिलं वर्ष नवीन म्हणून गेलं. मग दोन वर्षं नोकरी कायम व्हायची होती म्हणून गेली. कायम झाले तेव्हा हरदासबाई निवृत्त झाल्या होत्या, आणि मला कोणी अडवणारं नव्हतं. तरीही मी कधी त्या कोठीत गेले नाही. मेहुण्यांचा पुरवठा पुढे कधीतरी आपोआप बंद झाला, सचिवांशी त्यांचं बिनसलं म्हणून. माझ्यामुळे नाही.

शेवंता दहावीला परत आली नाही. कोणी म्हणालं लग्न झालं, कोणी म्हणालं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल रेघ मारली आणि चौकशी केली नाही. अधीक्षिकाबाईंना सांगायचं राहिलं ते राहिलंच. आणि भेसळीचा पाठ मी तीस वर्षं शिकवला. दरवर्षी मुली विचारायच्या, बाई, घरची डाळ आणून बघूया का? मी ओरडायचे त्यांच्यावर. अभ्यासक्रमात आहे तेवढंच करा म्हणायचे. रागीट बाई म्हणून माझं नाव होतं. मुली माझ्या तासाला पापणी हलवत नसत, आणि ह्याचं मुख्याध्यापक कौतुक करायचे. तो राग कशाचा होता हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी ते केलं नसतं.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलंय. तेवढं सांगते आणि थांबते.

माझी पिशवी सकाळी वसतिगृहात ठेवली होती. सव्वापाचला ती घ्यायला गेले. वसतिगृहात रात्रीचं जेवण उजेड असतानाच उरकायचं. पंगत बसली होती, लांब ओसरीवर दोन रांगा. पितळी ताटल्या, ज्वारीची भाकरी, डाळ. शेवंता वाढत होती. चावी नव्हती तरी वाढायचं काम तिच्याकडेच राहिलं होतं. मी कोपऱ्यातली पिशवी उचलली आणि मागल्या मागे निघणार तोच ती डाळीची बादली घेऊन समोर आली.

“बाई, एक इचारू?”

मला वाटलं, चावीचं विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

“आमी थे डाळ खावाची का?”

सरळ विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रडं नव्हतं. मी शिकलेली होते, गृहशास्त्र मला कळत होतं, म्हणून तिने मला विचारलं. रंगाने पोटात काय होतं, ते मी सकाळीच त्यांना शिकवलं होतं. एवढ्या सगळ्यानंतरही तिला वाटत होतं, की बाईंना एकटं गाठून विचारलं तर बाई खरं सांगतील.

मी म्हणाले, “तूच सांगितलंस ना वर्गात, शुद्ध आहे म्हणून.”

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने बादली खाली ठेवली, पदरासारखी खोचलेली ओढणी सोडून हात पुसले, भिंतीशी रचलेल्यातली एक ताटली घेतली आणि रांगेच्या शेवटी मांडली. ताटलीत अर्धी भाकरी ठेवली. डाळीचा एक पळा भरून वाढला, काठोकाठ.

“मंग बसा ना बाई,” ती म्हणाली. “सकाळपासून उपाशी हा तुमी. दोन घास खाऊन जा आमच्यासंग.”

पंगतीतले हात थांबले. साठ मुली माझ्याकडे बघत होत्या. एकीच्या तोंडाशी गेलेला घास तसाच राहिला होता.

“नको गं,” मी म्हणाले. “माझी एस. टी. चुकेल.”

एस. टी. स्टँड वसतिगृहाच्या फाटकासमोरच होतं, आणि सहाच्या गाडीला अजून पाऊण तास आहे हे त्या साठहीजणींना ठाऊक होतं.